शेवटची चार पानं

॥ कार्मेनमाता प्रसन्न ॥

रौका बेट दीपगृह,
ता. ४ मार्च १९९४

चि. ग्रिसेल्दा हिस ताईचे अनेक आशीर्वाद.

काल बोट आली. पीठ एक पोतं, चहाला येर्बाची पत्ती चार किलो, मेणबत्त्या दोन डझन आणि तुझी आठ पानी प्रश्नावली, तीही दोन प्रती. बोटभाडं तीन हजार पेसो. प्रश्नावलीचं मात्र घेतलं नाही. तू पुंता अरेनासला बसून बसवाल्यांचा, नर्सबायांचा, खाटकांचा जीव कामात किती शिणतो ते मोजतेस, याचं ह्यांना भारी हसू. म्हणतात, वारा मोजायचं यंत्र आहे आपल्याकडे, मेहुणीला म्हणावं आता जिवाचंही धाड.

हवामानाची वही भरतो तशीच तीही भरली. हे वर भिंगं पुसत ओरडून सांगणार, मी खाली लिहिणार. एकवीस वर्षांची रीत. चौथं पान संपलं तसे कंटाळले. म्हणाले, एदेल्मिरा, पुढचं तूच भर, माझं सगळं तुला ठाऊक आहे. भरलं.

थंडीला जप. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी ताई

पुंता अरेनास,
ता. २० एप्रिल

ती. ताईस ग्रिसेल्दाचा शि. सा. न.

ताई, कागदावर आम्ही नाव घालत नाही, पण तुझं वळणदार अक्षर कसं लपणार? एकोणीस धंदे मोजले, त्यांत सर्वांत एकटा कागद तुमच्या दीपगृहाचा निघाला. पहिली चार पानं हसरी, पुढची वाचवेनात. मनातलं बोलायला कुणी आहे का? कधीच नाही. कुणी विचारपूस करतं का? कधीच नाही. भाऊजी एवढे खचले आणि आपल्याला पत्ता नाही! आमच्या पाहणीच्या डॉक्टरांनी दीपगृह खात्याला कळवलं. पुढच्या बोटीने भाऊजींनी गोदामाच्या कामावर शहरात यावं, असा हुकूम या पत्रासोबतच येतो आहे. त्यांना सांभाळ.

तुझी ग्रिसेल्दा

रौका बेट,
ता. ३ मे

चि. ग्रिसेल्दा हिस आशीर्वाद.

वाऱ्यामुळे बोट दोन दिवस अडकली आहे, तोवर लिहून घेते. हुकूम ह्यांनी दोनदा वाचला. मी खचलो हे कुणी सांगितलं, म्हणाले, आणि कठडा रंगवायला वर गेले. जेवण वर नेते, तसंच खाली येतं.

आज मी कार्मेनमातेपुढे बसले, मग जिना चढून ह्यांना सांगून टाकलं की शेवटची चार पानं तुमची नव्हेत, माझी. तुमचंच लिहिणार होते. पण त्या प्रश्नांना तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक होतं ते लिहिलं.

ब्रश हातातच राहिला. म्हणाले, दिवसातून आठदा मी तुला वारा सांगतो, तू एकदा तरी बोलायचंस. मी म्हटलं, वहीत तसला रकाना नाही.

मग त्यांनी दुसरी प्रत मागितली, स्वतः भरली आणि पाकीट चिकटवूनच माझ्या हाती दिलं. सोबत धाडते आहे. ती वाच आणि हुकूम मागे घ्यायला लाव. दिव्यावाचून ते जगायचे नाहीत.

माझी पानं मात्र फाडू नका. दीपगृहवाल्याच्या नावावरून काढा आणि दुसरीकडे लावा. धंदा घरकाम म्हणू नका. वही मीच लिहिते. विसाव्या धंद्याला तुमच्याकडे जागा आहे की नाही, तेवढं उलट टपाली कळव.

तुझी एदेल्मिरा