डोक्यावरचा हात

प्रिय ठमे,

घरी पोचलो. प्रवास सुखाचा झाला असं लिहायची रीत आहे, पण पेन तिथेच अडलं. तुझ्या आईला सगळं सांगितलं, तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. चहा पुढे ठेवून "झालाय" म्हणते, तेही कपाकडे बघून.

येशूची वार्ता सांगत फिरणाऱ्या सुवार्ताफेरीला मी नाव दिलं, ते सुवार्तेसाठी नव्हतं. तुझ्या आईकडून तुमच्या गल्लीचा पत्ता घेतला होता. मंडळीबरोबर तुझ्या शहरात यायचं, एक दुपार मोकळी काढायची आणि एकट्यानं तुमच्या इस्त्रीच्या दुकानापाशी येऊन उभं राहायचं, असा बेत होता. नर्सिंग सोडून तू मंडळीबाहेर लग्न केलंस त्याला तीन वर्षं झाली. पण रविवारी उपासनेला देवळात कुणी विचारलं की मी अजून 'शिकतेय' म्हणतो. एवढं कसलं शिक्षण, असं आता कुणी विचारतही नाही.

शहर अफाट. आम्ही सगळे पिवळ्या टोप्या घालून, कोंबडीच्या पिलांसारखे पाळकसाहेबांच्या मागे. रस्ता ओलांडताना एक मास्तरीणबाई माझी बाही धरायच्या, "भाऊ, स्वर्गात जायचंच आहे, पण आज नको." पाळकसाहेब आपल्याकडे नवे, बाकीचे आसपासच्या गावांतले, तुला ओळखणारं कुणी नव्हतं. फेरीची पद्धत अशी की चालताना ज्याच्यासाठी देव मनात ओझं घालेल त्याच्यापाशी थांबायचं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, एक फोटो काढायचा आणि पुढे निघायचं. पहिल्याच सकाळी पाळकसाहेब थांबले ते तुझ्या इस्त्रीच्या टेबलापाशी.

तू मान वर केलीस आणि मला पाहून तुझा चेहरा उजळला. मग तू माझ्या टोपीकडे पाहिलंस, भोवतीच्या माणसांकडे पाहिलंस, आणि पुन्हा माझ्याकडे. मी रस्त्याकडे बघायला लागलो. तुला तेवढं पुरलं. पाळकसाहेब म्हणाले, "भाऊ, तुम्ही करा प्रार्थना. तुम्हाला मुलगी आहे."

तिथल्या भाषेसाठी बरोबर घेतलेल्या दुभाष्यानं नाव विचारलं, तर तू आईचं नाव सांगितलंस. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते नाव घेऊन, परक्या मुलीसाठी मागावं तसं मागितलं की प्रभू, हिला तुझं घर सापडू दे. दुभाषी एकेक वाक्य तुला उलगडून सांगत होता आणि तू त्याच्या आधीच मान हलवत होतीस. शेवटी 'आमेन' म्हणालीस, आपल्या घरी म्हणतात तसं, शेवट लांबवून. मास्तरीणबाई म्हणाल्या, "बघा, किती पटकन उचललं पोरीनं." सगळे हसले. मीही हसलो.

तोवर तुझ्या नवऱ्यानं माझ्या हातावरचा चुरगळलेला कोट घेऊन त्याला इस्त्री केली. परत देताना दोन्ही हात पुढे करून तो वाकला. गिऱ्हाइकापुढे कुणी एवढं वाकत नाही. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

पुढे मोकळी दुपारही मिळाली. पोट बिघडलं असं सांगून मी खोलीत पडून राहिलो.

तो फोटो आता देवळाच्या दारात लावलाय; त्यात तुझी मान खाली आहे, म्हणून कुणी ओळखलं नाही. खाली लिहिलंय, 'एक हरवलेली मुलगी'. फेरीहून आलेल्यानं रविवारी सगळ्यांपुढे आपल्या अनुभवाची साक्ष द्यायची असते. मी दर वेळी पुढच्या रविवारवर ढकलतो आणि लोक माझ्या नम्रपणाचं कौतुक करतात. मला एकच वाक्य बोलायचंय, की फोटोतली मुलगी माझी आहे. पण तुला परकी केलं तेव्हा विचारलं नव्हतं. आता आपली म्हणताना तरी विचारावं, म्हणून हे पत्र. तू हो म्हणालीस तर तोच कोट घालून उभा राहीन. अजून अंगात घातला नाही. खुंटीला आहे, इस्त्री मोडलेली नाही.

तुझाच, तू म्हणशील तर,
अप्पा