मनाच्या वहीतले नऊ

आकुर्डी,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

चि. तनुजास,
आत्याचे ओंजळभर आशीर्वाद.

हाताला घाम आला तर सांग, पोरी. लपवलेला घाम लोखंडावर उमटतो. बावीस वर्षांपूर्वी कंपनीच्या बसमध्ये शालनबाई मला असं म्हणाल्या होत्या. आज तुझ्यासाठी डिंकाचे लाडू वळताना ते वाक्य एकाएकी आठवलं, आणि परात तशीच झाकून मी कागद घेऊन बसले. शालनबाई म्हणजे आमच्या तपासणी विभागाच्या तेव्हाच्या मुख्य. त्या असं का म्हणाल्या, ते पुन्हा कधीतरी सांगेन.

चाचणी होईपर्यंत अकादमीनं तुमचे फोन काढून घेतले, हे माझ्या पथ्यावरच पडलं. फोनवर तू जेवलीस का, झोपलीस का, एवढ्यावरच आपलं बोलणं संपायचं. कागदावर जरा रेंगाळता येतं.

गुरुवारी दत्तजयंतीला महाळुंग्याला जाऊन आले. तुझे पप्पा, आमचे मालोजीदादा, देवळाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, की आमची तनू सतरा जानेवारीला राज्याच्या नेमबाजी संघाच्या चाचणीला उतरतीय. मग मला बाजूला घेऊन दादा म्हणाले, की ह्या खेपंला संघात आली तर रायफल राहील, न्हाई तर पोरीला घरी आणायची. शेतात बांधून भाड्यानं दिलेल्या शेडांचं ऑफिस सांभाळंल. मागच्या साली साठातले अकरा नेम बाकी असताना उठली आन् चक्कर आली म्हणाली, पर आपल्या घरात कुणाला कधी चक्कर आलेली न्हाई. मन दगडासारखं पायजे. हे सगळं सांगताना ते प्रसादाचा द्रोण इतका घट्ट धरून होते, की शिरा बोटांतून बाहेर आला. मी हसले नाही.

तुझा भाऊ बंटी विचारतो, की ताई एवढ्या लांब वाईला जाऊन शिकते काय, तर नाकानं श्वास घ्यायला? ते तर आमची म्हैसपण करते.

सकाळच्या बसमध्ये तळवड्याच्या पुढं इंद्रायणीचा पूल लागतो. सध्या धुकं इतकं असतं, की कारखान्यांच्या शेडा दिसतच नाहीत, नुसते दिवे पाण्यावर तरंगत असतात. खिडकीला डोकं टेकून मी तुझा विचार करते. तुझं लक्ष्यही तुला असंच दिसत असेल का गं, दहा मीटरवर तरंगणारा एक ठिपका?

कशी आहेस, ते खरं लिही. लोभ आहे, त्याला पाणी घालत राहा.

तुझी,
विजूआत्या

•

वाई,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार, आणि नमस्कार झाल्यावर एक मिठी.

लाडू पोचले. माझ्या खोलीतल्या करिष्माला एक दिला, तर तिनं डब्याची जागा बघून ठेवली. आता डबा उशीखाली असतो.

इथं सगळं छान आहे. सकाळी सहाला मैदान, मग रेंज, दुपारी पुन्हा रेंज. निरंजन सर लातूरकडचे आहेत, सगळ्यांना ‘माय’ म्हणतात, आणि रागावले की जास्तच माया करतात. मला काल म्हणाले, की माय, तू रायफल धरलीस का रायफलीनं तुला धरलंय?

रोज सकाळी आम्ही ‘मनाची वही’ लिहितो. एक ते दहामधला आकडा टाकायचा, म्हणजे आज मन किती ठिकाणावर आहे. मी रोज नऊ लिहिते. दहा लिहिलं तर आगाऊपणा वाटेल म्हणून नऊ. सर वही बघतात, मान हलवतात, पुढं जातात. पप्पांना सांग, की मन अगदी दगड झालंय. हातही कोरडे असतात, घामाचं नाव नाही. मागच्या वर्षीसारखं काही होणार नाही.

एक गंमत सांगते. लक्ष्याकडं खूप वेळ बघितलं, की मधला ठिपका हळूहळू मोठा होत जातो. कधी तो जांभळाएवढा होतो, कधी विहिरीएवढा. मग मी विहिरीच्या काठावर उभी आहे आणि खाली पाण्यात कुणीतरी माझं नाव घेतंय, असं वाटतं. सरांना हे सांगितलं नाही. हसतील.

झोप ठीक लागते. तू काळजी करू नको, नुसती आठवण काढ.

तुझी भाची,
तनुजा

•

आकुर्डी,
रविवार, २१ डिसेंबर २०२५

चि. तनुजास,
आत्याचे आशीर्वाद, या वेळी थोडे रागावलेले.

तुझं पत्र चारदा वाचलं. हात अगदी कोरडे असतात, असं तू लिहिलंस. त्या ओळीवरची शाई पसरली आहे, बाळा. लिहिताना हात जिथं टेकतो तिथं प्रत्येक ओळीखाली एक ओलसर, निळा ढग आहे. पानाच्या कडेला तर तळव्याची रेघसुद्धा उमटली आहे. आत्याचा आयुष्यभराचा धंदाच डाग शोधण्याचा, हे तू विसरलीस.

आता शालनबाईंची गोष्ट सांगते. ही मी कुणालाच सांगितलेली नाही, तुझ्या काकांनाही नाही.

मी चाकणच्या कंपनीत लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. बेअरिंगच्या रिंगा ट्यूबलाइटखाली धरून बघायच्या, ओरखडा दिसला तर बाजूला काढायच्या, चांगल्या पुढं तेल लावायला द्यायच्या. चकचकीत रिंगेत स्वतःचा चेहरा वाकडा होऊन दिसायचा. मला ते काम फार आवडायचं, तळ्यात बघत बसल्यासारखं वाटायचं. पण माझे हात तुझ्यासारखे. भीती वाटली की तळवे पाझरतात. सुती हातमोजे तासाभरात ओले व्हायचे. ज्याच्या हाताला घाम त्यानं लगेच सांगायचं, असा नियमच होता, कारण घामातल्या मिठानं लोखंड गंजतं. मी सांगितलं नाही. सांगितलं तर झाडायला पाठवतील, असं वाटायचं. मी साडीला हात पुसायची आणि सुपरवायझर आले की हसायची.

महिन्याभरानं एक खोकं परत आलं. टेबलावर रिंगा मांडल्या तर त्यांच्यावर तांबूस ठसे. गंजलेली बोटं, तनू. कुणीतरी लोखंडाला हळूच धरलं असावं, असे ते सुरेख दिसत होते. एका ठशात मधोमध आडवी रेघ होती. माझ्या डाव्या अंगठ्यावर विळीनं कापल्याची खूण आहे, ती तू पाहिली आहेस. मी मूठ मिटून उभी राहिले. खोक्यावर तपासल्याची सही शालनबाईंची होती. त्यांनी ठशाकडं पाहिलं, माझ्या मिटलेल्या मुठीकडं पाहिलं, आणि साहेबांना म्हणाल्या, की चूक आमच्या टेबलाची हाय. त्यांना पॅकिंगला टाकलं.

त्या दिवशी बसमध्ये त्या माझ्याच शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, आता शिव्या देतील. त्यांनी ते एकच वाक्य सांगितलं आणि चिंबळी फाट्यापर्यंत डोळे मिटून बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडं जाऊन सगळं सांगितलं, पण त्यांना परत आणलं नाही ते नाहीच. पुढं त्या नोकरी सोडून गेल्या.

तेव्हापासून मी दर तासाला हात वर करते. टाकीवर जाते, गार पाण्यानं हात धुते, कोरडे करते, नवे मोजे घालते. मुली मला टाकीवाली म्हणायच्या. आज नव्या मुलींना मी शिकवते, तेव्हा आधी टाकी दाखवते आणि मग टेबल. माझा घाम बावीस वर्षांत कमी झालेला नाही. तो आला की काय करायचं, तेवढं मला ठाऊक आहे. लोक ज्याला खंबीरपणा म्हणतात तो माझ्याकडं एवढाच आहे, आणि तो मला पुरलाय.

दगड होऊ नको गं. विहिरीचं सरांना सांग. ते हसले तर हसू देत. संघात न येण्याची भीती मलाही आहे, दादा बोलले ते करतात. पण रोज नऊ लिहिणाऱ्या मुलीला कोण मदत करणार?

रागावू नको, आणि रागावलीस तरी तसं लिही.

तुझी,
विजूआत्या

•

वाई,
रविवार, २८ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार. या वेळी कागदाखाली टीपकागद ठेवलाय.

तुझं पत्र आलं आणि मी दोन दिवस तुझ्यावर खूप रागावले. आपलं गुपित शाईनं फोडलं म्हणून शाईवर रागावता येत नाही, म्हणून तुझ्यावर. तिसऱ्या दिवशी वहीत तीन लिहिलं.

सर नेहमीसारखे मान हलवून पुढं गेले. चार पावलं जाऊन थांबले, परत आले, वही उलटी करून बघितली. म्हणाले, की माय, नऊचं शेपूट गळालं का? मग मला पायरीवर बसवलं. मी सगळं सांगितलं. मागच्या वर्षी चक्कर आली नव्हती. एकोणपन्नास नेम झाले आणि रायफल माझ्या हातातून निसटणार, सगळे बघणार, असं वाटलं. श्वास कुठं ठेवलाय तेच आठवेना. मी उठून आले. विहिरीचंही सांगितलं. हसले नाहीत गं. म्हणाले, की नऊवालीला मी काय शिकवणार होतो? तीनवालीला शिकवता येतं.

आता एकच शिकवतात: रायफल खाली घ्यायला. नेम धरला, ठिपका पसरायला लागला, की बार काढायचा नाही. रायफल खाली, टेकूवर, टॉवेलला हात, एक श्वास, पुन्हा वर. सोपं वाटतं ना? वर धरलेली वस्तू काहीच न करता खाली घ्यायला फार लाज वाटते. पहिल्या दिवशी मी रडले. करिष्मा म्हणाली, की मी रोज आठ लिहिते आणि पोटात दोन असतो. तू आधी सांगितलंस, आता मला सांगावं लागणार, चेटकीण आहेस.

सरांनी एक स्पष्ट सांगितलंय. हे अंगात मुरायला वर्ष लागतं, तीन आठवड्यांत होत नाही. चाचणीत गुण कदाचित मागच्यापेक्षा कमी पडतील, कारण खाली घेण्यात वेळ जातो. आत्या, मला बरं वाटायला लागलंय आणि माझ्याकडं दिवस उरले नाहीत. पप्पांना यातलं काही सांगू नको. किंवा तूच सांग. मला कळत नाही.

तुझी,
तीनवाली

•

आकुर्डी,
रविवार, ४ जानेवारी २०२६

चि. तनुजास,
आत्याचे आशीर्वाद, टाकीच्या पाण्यासारखे गार.

पत्र मिळालं. मी ते स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून वाचलं. खाली रस्त्यावर शिफ्ट सुटली होती, हेल्मेटांची नदी सिग्नलला अडली होती आणि सगळे एकदम थांबले होते. किती वेळ तरी मला हिरवा दिवा लागूच नये असं वाटत राहिलं.

मागच्या वर्षी चक्करेचं दादांना मीच पटवून दिलं होतं. तू सांगितलंस तसं मी पुढं सांगितलं, आणि वर पित्ताची जोडही दिली. तुला वाचवलं असं मला वाटलं होतं. या वेळी मी तुझ्या वतीनं काही बोलणार नाही. मायेची कमी झाली असं समजू नको. दादांना तू ठाऊकच नाहीस, तनू; त्यांना मी सांगितलेली तनू ठाऊक आहे.

चाचणीला मी येणार नाही, शनिवारी माझी पहिली पाळी आहे. दर तासाला हात वर करीन, तेव्हा तुझी आठवण काढीन. तू हव्या तितक्या वेळा रायफल खाली घे.

माया आहे ती आहेच, तिची चाचणी नसते.

तुझी,
विजूआत्या

•

वाई,
रविवार, १८ जानेवारी २०२६

ती. पप्पांस,
तनुजाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

काल फोन परत मिळाला, तरी पत्रच लिहिते आहे, मंगळवारच्या आत पोचावं म्हणून कुरियरनं पाठवते. फोनवर तुम्ही माझं वाक्य संपायच्या आत नाही म्हणता. कागदाला मधे तोडता येत नाही.

निकाल तुम्हाला कळला असेल. चौघी निवडल्या, मी नववी आले. संघात नाही. माझ्या खोलीतली करिष्मा चौथी आली, तिला मी खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. देवळाच्या पायरीवर तुम्हाला काय काय ऐकावं लागेल ते मला माहीत आहे. त्याचं मला वाईट वाटतं.

पण एक गोष्ट मी स्वतः सांगायची राहिली होती. मागच्या वर्षी मला चक्कर आली नव्हती. मी घाबरून उठले होते. आत्यानं तुम्हाला जे सांगितलं ते माझं खोटं होतं, तिला बोल लावू नका. मन दगडासारखं ठेवायचा मी वर्षभर प्रयत्न केला, पप्पा, आणि त्यात मला झोप येईनाशी झाली, जेवण जाईना, आणि नेम तर गेलाच. आपल्या घरात कुणी घाबरत नाही असं तुम्ही म्हणता. मी घाबरते. मी तुमची मुलगी आहे आणि घाबरते.

काल मी सात वेळा रायफल खाली घेतली. एकावन्नाव्या नेमाला मागं कुणीतरी हसलं. मी तरी खाली घेतली, श्वास शोधला, तो होता तिथंच होता. मग सगळं इतकं शांत झालं, की आपल्या शेतात शेडा उभ्या राहायच्या आधी दुपारी असायचं ना, पाटाचं पाणी मुरताना ऐकू यायचं, तसं. मी साठावा नेम मारूनच उठले. रात्री आठ तास झोपले. सकाळी तीन भाकऱ्या खाल्ल्या, सर मोजत होते.

सर म्हणतात, अजून एक वर्ष लागेल. ते खात्री देत नाहीत, मीही देत नाही. तुमची अट मला तोंडपाठ आहे, आणि तुम्ही दिलेला शब्द फिरवत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी हरले आहे, तेव्हा अटीप्रमाणे मी बॅग भरली आहे. मंगळवारी तुम्ही गाडी घेऊन याल, तेव्हा मी दारात उभी असेन, रडणार नाही असं मात्र कबूल करत नाही.

आईला नमस्कार, बंटीला एक धपाटा. माझ्यावरची माया या निकालानं उणी होऊ देऊ नका.

तुम्ही नाही म्हणणार हे मी धरूनच चालले आहे. तरी माझ्या तोंडानं एकदा मागते: पप्पा, मंगळवारी मला न्यायला येऊ नका, आणखी एक वर्ष मला इथं राहू द्या.

तुमची,
तनुजा