सहा इंच उंच

१४ एप्रिल, रविवार
डेलने नवी पिकअप घेतली. डेल म्हणजे माझ्या बायकोचा, लोरेटाचा भाऊ, माझ्या नशिबाला आलेला मेव्हणा. चर्च सुटल्यावर अर्धं गाव त्या गाडीभोवती, जणू कुणाला मूल झालंय. दार उघडलं की पायरी आपोआप बाहेर येते. ज्याला स्वतःच्या गाडीत चढता येत नाही त्याने सायकल घ्यावी.
सगळ्यांसमोर मला म्हणतो, "दाजी, आठ जूनला शेल्बीची घोडी मी नेतो. तुमच्या कारला ट्रेलर लावला तर ट्रेलरच कारला मागे ओढून नेईल."
सगळे हसले. माझी बायकोही. आमची शेल्बी हसली नाही, बुटांकडे बघत राहिली.
आठ जूनला राज्याची फायनल. तीन पिंपांभोवती घोडी पळवायची, सेकंदाच्या शंभराव्या भागावर निकाल. सतरा वर्षांची पोर चार वर्षं याच दिवसासाठी पहाटे उठते आहे.
निश्चय : घोडी मी नेणार. माझ्या पिकअपने. पिकअप अजून नाही, पण हा तपशील आहे.

२० एप्रिल, शनिवार
घेतली! सत्त्याण्णव सालची. तेव्हा लोखंड वापरत, आता डबे बनवतात. मासेमारीची बोट विकली. मासे तसेही मूर्ख असतात.
विकणारा म्हातारा बीटाची शेती करणारा. गाडी बावीस वर्षं त्याच्याकडे. म्हणाला, "सपाटीवर चांगली ओढते. घाटात घाई करू नका. आणि काही बदलू नका, आहे तशी ठेवा." बावीस वर्षांत त्याने गाडीला एक नवा दिवासुद्धा लावला नाही. अशा माणसाचा सल्ला कोण घेणार?
लोरेटा खिडकीतून बघून म्हणाली, "ही चालते की उभी करायला आणली?"
मी बॉनेट पुसायला घेतलं.

२७ एप्रिल, शनिवार
नॅडीनच्या गॅरेजमध्ये गेलो. गावात दुसरं गॅरेज नाही, नाहीतर गेलो नसतो. बाई गाडीखाली अर्धा तास पडून होती. बाहेर आली आणि यादी सांगितली : गिअरबॉक्सचं तेल बदला, ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवायचा कंट्रोलर लावा, मागचे स्प्रिंग बघा. म्हटलं, हे सगळं दिसणार कुठे? म्हणाली, "दिसायला कशाला हवं, वर्न? घाटात कळेल."
विक्रीची भाषा मला कळते. वीस वर्षं लाकडाच्या वखारीत काउंटरवर आहे. गिऱ्हाइकाला घाबरवायचं आणि खिळे खपवायचे.
स्वतःच करणार. व्हिडिओ बघितले. सोपं आहे.

४ मे, शनिवार
गाडी सहा इंच उचलली. म्हणजे उंच केली. चाकंही मोठी टाकली. आता डेलची गाडी माझ्या खांद्याशी येते. अख्खा दिवस लागला, जॅक दोनदा निसटला, तिसऱ्यांदा नाही.
शेल्बी बघायला आली. म्हणाली, "बाबा, ट्रेलरचं तोंड वर जाणार ना? जुनिपर उतारावर उभी राहिल्यासारखी राहील." जुनिपर म्हणजे घोडी. म्हटलं, घोडे डोंगरात राहणारे प्राणी आहेत.
वळून निघून गेली. ही सवय तिने आईकडून घेतली.

१२ मे, रविवार
टपावर लांब दिव्यांची पट्टी बसवली. चालू केली तर समोरच्या शेतातल्या गाई उठून उभ्या राहिल्या. दुपारी तीन वाजता!
आज मदर्स डे होता, असं रात्रीच्या जेवणाला कळलं. जेवण म्हणजे कालचंच, थंड.

१८ मे, शनिवार
पुढे विंच बसवली, म्हणजे तारेचा दोर गुंडाळत ओढणारं यंत्र. कुणी खड्ड्यात अडकलं तर मी ओढून काढणार. बहुधा डेलच असेल.
विंचला जागा हवी होती. रेडिएटरच्या पुढे एक छोटीशी जाळी होती, दोन नळ्या लावलेली. काढली. नळ्या एकमेकींना जोडून टाकल्या. एक थेंब गळत नाही. नॅडीन रस्त्याने जाता जाता थांबली, म्हणाली, "ती गिअरबॉक्सचं तेल थंड करते."
म्हटलं, हे मोंटाना आहे, इथे सगळं आपोआप थंड होतं.
ती निघाली, दोन पावलांवर थांबली. मग म्हणाली, "घोडीला सांभाळा." मला नाही. घोडीला.

३० मे, गुरुवार
मोकळा ट्रेलर लावून गावात फेरी. अप्रतिम. चढावर इंजिन जरा जास्त ओरडतं, पण ताकदवान माणसंही ओरडतात. ट्रेलरचं नाक थोडं वर, म्हणजे रुबाब. ब्रेक दाबला की मागून ट्रेलर एक धक्का देतो, आपण आहोत अशी आठवण करून देतो. चांगलंच आहे.
पेट्रोलपंपावर डेल भेटला. गाडीला प्रदक्षिणा घातली. मला वाटलं थट्टा करेल. केली नाही. हळूच म्हणाला, "दाजी, त्या दिवशी माझा ट्रेलर मोकळाच आहे, बरं का."
मत्सर. चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

७ जून, शुक्रवार
सगळं तयार. पहाटे पाचला निघायचं. कोल्डवॉटर घाट दोन तासांवर, पलीकडे शर्यतीचं मैदान. शेल्बीचा नंबर अकरा वाजता.
लोरेटा म्हणाली ती मागाहून येईल. कुणाबरोबर, विचारलं. म्हणाली, "येईन कशीतरी."
गाडीला पॉलिश केलं. दोनदा.

८ जून, शनिवार
वस्तुस्थिती लिहून ठेवतो. उद्या लोक काहीबाही बोलतील.
सपाटीवर मी अप्रतिम चालवली. शेल्बी शेजारी बसून सँडविच खात होती, मलाही अर्धं दिलं. इतक्या महिन्यांत आम्ही दोघं एवढं बोललो नव्हतो. कॉलेजचं बोलली. जुनिपर म्हातारी होतेय म्हणाली, ही तिची शेवटची मोठी शर्यत.
घाट लागला. चौथ्या मैलावर इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी मात्र हळू व्हायला लागली. मग जळक्या साखरेसारखा वास. मग धूर. मग लाल तेल रस्त्यावर. पाय पूर्ण दाबला तरी इंजिन नुसतं फिरतंय, चाकं नाहीत. आणि मग गाडी मागे जायला लागली.
मागे! मी ब्रेकवर उभाच राहिलो. ट्रेलर तिरका झाला, आत घोडीचे खूर पत्र्यावर वाजत होते. शेल्बी चालत्या गाडीतून उडी मारून उतरली, दगड उचलला, ट्रेलरच्या चाकामागे सारला. मग दुसरा. थांबलो. कठड्यापासून ट्रेलर दीड हात. मी नंतर मोजलं.
तिने जुनिपरला बाहेर काढलं. घोडी घामाने काळी पडली होती, थरथरत होती. शेल्बी तिच्या मानेला कपाळ टेकून उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.
तिने फोन लावला. एवढंच म्हणाली, "हो. चौथा मैल."
डेल नऊ मिनिटांत आला. मागे ट्रेलर, शेजारी लोरेटा.
डेलचं घर तिथून सत्तर मैलांवर आहे.
एकही थट्टा केली नाही, आणि हे त्याला शोभत नाही. घोडी चढवली. मी म्हटलं, थांबा, खोगीर काढतो, आणि माझ्या ट्रेलरचा कप्पा उघडला. रिकामा. वळून बघितलं तर खोगीर डेलच्या गाडीत मागच्या सीटवर, नीट चादर घातलेलं. लगाम, बूट, तिचा चांगला शर्ट, सगळं तिथेच.
ते निघून गेले. कुणीतरी गाडीपाशी थांबायला हवंच होतं.
अकरा वाजता मी घाटात विंचवर बसलो होतो.

९ जून, रविवार
शेल्बी सहावी आली. राज्यात सहावी! घोडी घाबरलेली असूनही. लोक म्हणतात, नाहीतर पहिल्या तिघींत होती. लोकांना काय कळतं.
प्रश्न गाडीचा नव्हता, हवामानाचा होता. जूनमध्ये एवढं ऊन कधी नसतं. नॅडीनने गाडी नेली. गिअरबॉक्स संपला म्हणाली. "सांगितलं होतं" असं म्हणाली नाही. हिशेबी बाई.
संध्याकाळी तबेल्यात गेलो. शेल्बी जुनिपरचे पाय चोळत होती. विचारलं, खोगीर डेलच्या गाडीत कधी ठेवलंस?
म्हणाली, "शुक्रवारी."
मग घोडी माझ्या ट्रेलरमध्ये कशाला चढवलीस?
तिने घोडीचा दुसरा पाय चोळायला घेतला. मग म्हणाली, "तुम्हाला न्यायचं होतं ना, बाबा. म्हटलं, जिथवर जाईल तिथवर जाऊ तुमच्याबरोबर. घाटात चुकलंच माझं. जुनिपरला यात घालायला नको होतं."
चुकलं म्हणे तिचं.
खुंटीवरचा ब्रश घेतला आणि घोडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिलो. जुनिपर दोन पावलं सरकली, माझ्यापासून लांब. मी ब्रश खाली ठेवला.