आर्मेलचा पहिला नंबर

२ जुलै
आर्मेल चाहता मंडळाची सभा. अध्यक्ष या नात्याने मी ठणकावून सांगितलं: माझा धाकटा भाऊ आर्मेल टूर द फ्रान्समध्ये तीनदा दुसरा आला, पहिला कधीच नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी आजही मासेवाली त्याच्यासाठी ताजे बांगडे बाजूला काढते. दुसरा येऊन ही लोकप्रियता, तर पहिला आल्यावर काय होईल? साधं गणित आहे. मी शाळेत आयुष्यभर गणितच शिकवलं.
संकल्प: ऑगस्टच्या जत्रेतली जुन्या सायकलपटूंची शर्यत आर्मेल जिंकणार.

३ जुलै
आर्मेलला सांगितलं. म्हणाला, ताई, राहू दे की गं, माझं छान चाललंय. विनय. लहानपणापासूनच आहे.

११ जुलै
सराव सुरू. ठरलं होतं साठ किलोमीटर. कॅफेपर्यंत गेला. तिथे कॅफेवाल्या सोलांजने गॅलेटची धिरडी आणि सफरचंदाचं सायडर समोर ठेवलं, आणि सगळा कॅफे त्याच्याभोवती जमला. शिवाय वारा समोरून होता. उद्यापासून नक्की.

२६ जुलै
जत्रेच्या शर्यतीत कोण जिंकणार हे कॅफेच्या मागच्या खोलीत आधीच ठरतं, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ही लबाडी नव्हे, व्यवस्था आहे. दरवर्षी लुसिआं पहिला, आर्मेल दुसरा. यंदा मी उलट ठरवून घेतलं. सोलांज म्हणाली, बाई, लोक त्याला थोडक्यात हुकताना बघायलाच येतात. कॅफे चालवणाऱ्यांना सायकलमधलं काय कळतं?
लुसिआं मात्र लगेच तयार. दरवर्षी जिंकतो आणि दरवर्षी हेटाळणीच्या शिट्ट्या खातो. म्हणाला, नक्की ना बाई? मागाहून शब्द फिरवायचा नाही हं! खरा खिलाडू माणूस.

१५ ऑगस्ट
शर्यत. शेवटच्या वळणावर आर्मेल पुढे होता. रेषा दिसताच त्याने सवयीने ब्रेक दाबला. लुसिआंनेही दाबला. दोघे रांगायला लागले. मी निवेदकाच्या हातातून माइक घेतला आणि ओरडले, आर्मेल, मुकाट्याने पुढे हो! माझं तो नेहमी ऐकतो. जिंकला.
शांतता. लोक भारावले होते.
मग कुणीतरी म्हणालं, अरेरे, बिचारा लुसिआं! थोडक्यात गेलं की हो त्याचं! आणि टाळ्यांचा कडकडाट. दोन आज्यांनी पापे घेऊन लुसिआंचे गाल ओले केले. आर्मेल गुच्छ धरून एकटाच उभा होता. ऊन फार होतं. उन्हात लोक गोंधळतात.

१९ ऑगस्ट
मंडळातून बरेच राजीनामे. कारणं घरगुती असावीत. आर्मेल घराबाहेर पडत नाही. म्हणतो, ताई, लोक आता नुसतं अभिनंदन म्हणतात आणि पुढे जातात. आधी थांबायचे. मी म्हटलं, यशाची सवय व्हायला वेळ लागतो.

२ सप्टेंबर
मंडळाची वार्षिक सभा. मंडळाचं नाव यापुढे ‘लुसिआं चाहता मंडळ’. हा तांत्रिक बदल आहे. अध्यक्षपदासाठी उमेदवार दोन: सोलांज आणि मी. मी दुसरी आले.
दुसरं येण्याचं मोल या गावात काय आहे, ते मला आता चांगलंच कळलंय. म्हणून टाळ्या स्वीकारायला उठून उभी राहिले. लोकांनी खुर्च्या आवरायला घेतल्या होत्या. उभी होतेच, म्हणून मीही चार उचलल्या.