रत्नप्रभेच्या वतीने गाऱ्हाणं

कन्नमवार नगर, विक्रोळी
१२ जानेवारी २०२५

श्री देव रवळनाथास,

चंद्रप्रकाश तावड्याचा साष्टांग दंडवत. गुडघे वाकत नाहीत, म्हणून दंडवत कागदावरच घालतो. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे. मी लिहिणार नाही. काही क्षेम नाही आणि ते तुला गावात बसून ठाऊक आहे.

समोरच्या बिल्डिंगमधल्या मालनताई म्हणाल्या, "काका, देवाला पत्र लिहा. मनातलं सगळं लिहायचं, मग पेन हातात धरून शांत बसायचं. उत्तर येतं. मला येतं." मी सातवी नापास. जन्मभर कंपनीत खोकी बांधली, लिहिणं आलं ते खोक्यावर पत्ता घालण्यापुरतं. तरी काल बसलो पेन धरून. तुझं उत्तर आलं नाही. सुनेनं, जान्हवीनं, कोथिंबीर आणायला सांगितली होती ती राहिली, एवढंच आठवलं.

तर ऐक. माझ्या बायकोला, रत्नप्रभेला, दिवाळीनंतर झटका आला. उजवी बाजू गेली, ती थोडी परत आली. वाचा आली नाही. म्हणजे आवाज येतो, पण शब्द भलतेच येतात. पाणी हवं असलं की म्हणते "छत्री". पोटच्या मुलाला, निलेशला, हाक मारते "चमचा". आणि आपलं चुकलं हे तिला कळतं. तेव्हाचा तिचा चेहरा तू एकदा येऊन बघ.

घ्यायला तुला वाचाच सापडली? आणि तीही तिची? माझी घ्यायची होतीस. माझ्या बोलण्यावाचून कुणाचं काय अडत होतं? तुझ्याशी रोज बोलायची ती. सकाळी दिवा लावताना निलेशची नोकरी, नळाचं पाणी, माझं ब्लडप्रेशर, सगळं तुझ्या कानावर घालायची. मी मागे बसून चहा प्यायचो. तुझं-माझं जे काही चालायचं ते तिच्यामार्फत. तिचंच तोंड बंद केलंस.

एक मागणं आहे. ते आज लिहीत नाही.

उत्तर दे.

चंद्रप्रकाश

—

२० जानेवारी

देवा,

दंडवत, पण आखडता.

उत्तर नाही. मालनताई म्हणतात, सुरुवातीला त्याच्या वतीनं आपणच लिहायचं, मग ओघ सुरू होतो. मी लिहिलं, "चंद्रप्रकाश, धीर धर. मी तुझ्या पाठीशी आहे." वाचलं आणि फाडून टाकलं. वाण्याच्या कॅलेंडरवर असतं तसलं. तू असा बोलणारा नाहीस, एवढं मला कळतं.

परवा जान्हवी गॅलरीत आली. म्हणाली, "बाबा, दिवसभर इथेच बसून राहता. आत जाऊन आईंशी बोला ना जरा. ऋतानं काय सांगितलंय? बोलत राहायचं." ऋता म्हणजे बोलण्याचे व्यायाम शिकवायला येते ती मुलगी. मी म्हटलं, "मला चक्कर येते आत." जान्हवी म्हणाली, "चक्कर आतच कशी येते हो?" आणि गेली.

तुला सांगतो, तू कुठे बोलणार आहेस कुणाला. मी एकदा तिच्यावर ओरडलो. ती छत्री, छत्री करत होती आणि मी ग्लास धरून उभा. "पाणी म्हण! पाणी! एवढं साधं येत नाही?" तिनं डाव्या हातानं तोंड दाबून घेतलं. आपलंच तोंड, चोरी पकडल्यासारखं. तेव्हापासून मी गोळ्या द्यायला जातो आणि बाहेर येतो.

आज डोकं फिरलं. म्हटलं, पत्रं बस झाली, तुला गाऱ्हाणंच घालतो. गावच्या जत्रेत मानकरी तुझ्यापुढे उभा राहून मागणं मागतो आणि सगळा गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतो, तसं. इथं आमच्या गणपतीला दरवर्षी मीच घालतो. तर कागदावर लिहीत गेलो, आणि मला सवय आहे, लिहिताना तोंडानं मोठ्यानं म्हणतो, शाळेपासूनची.

"बा देवा रवळनाथा, ह्या बायलमाणसान तुझा काय वाकडा केलेला ता सांग रे म्हाराजा!"

आतून आवाज आला. "व्हय म्हाराजा."

मला वाटलं टीव्ही. पुढचं म्हटलं. "तिची वाचा काढून घेतलंस, ती परत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

स्वच्छ. गणपतीत सगळ्यांच्या वर तिचा आवाज असायचा, तोच. मी आत धावलो, चप्पल गॅलरीतच राहिली. ती उठून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. जान्हवी दारात उभी, डोळे पुसत म्हणाली, "बाबा, परत म्हणा. परत म्हणा ना."

आज तुला शिव्या देत नाही.

चंद्रप्रकाश

—

५ फेब्रुवारी

देवा,

शिव्या न देण्याची घाई केली.

ऋता आली. सगळं ऐकून हसली, आनंदानंच, आणि मग म्हणाली, "आजोबा, छान आहे, रोज करा. पण हे अजून बोलणं नाही. आरती, पाढे, असली पाठ झालेली उत्तरं आपोआप निघतात, वाचा गेली तरी निघतात. समजून दिलेलं उत्तर धरू नका एवढ्यात."

पोरगी चांगली आहे. तिच्यावर राग नाही. राग तुझ्यावर. भुकेल्यापुढे ताट ठेवायचं आणि म्हणायचं, चित्रातलं आहे.

मी खात्री करायची ठरवली. रोज सकाळी देव्हाऱ्यापुढे तिला खुर्चीत बसवतो आणि गाऱ्हाणं घालतो. एक दिवस मध्येच घुसवलं, "रत्नप्रभेच्या हातच्या माशाच्या आमटीत मीठ कमी असता रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

संपलं. आमटीवरून ही बाई माझ्या आईशी भांडली, माझ्या बहिणीशी भांडली, निलेशच्या लग्नातल्या आचाऱ्याशी भांडली. तिला अर्थ कळला असता तर मला जेवायला मिळालं नसतं. निलेश हसला, "बाबा, आयुष्यात पहिल्यांदा जिंकलात." मी हसलो नाही. मला कळलं की तिथं फक्त आवाज उरला आहे. मी काहीही म्हटलं तरी ती व्हय म्हणणार.

तरी रोज घालतो. का घालतो मला सांगता येत नाही. तिचा आवाज ऐकायला मिळतो म्हणून, असं धर.

ते मागणं अजून आहे. जिभेवर येऊन बसतं.

चंद्रप्रकाश

—

२३ फेब्रुवारी

देवा रवळनाथा,

हे पत्र घाईनं लिहितो आहे. अक्षर लागलं नाही तर नीट लावून वाच.

गेला आठवडा वाईट गेला. ती न्हाणीघरात पडली. लागलं नाही, पण मग दुपारभर रडली. का रडतेस विचारलं तर "चमचा, चमचा". निलेश कामावरून धावत आला, त्याला वाटलं त्यालाच बोलावते आहे, तो जवळ बसला तर त्याला ढकललं. मग काय हवं होतं, कुणाला कळलं नाही. तिला सांगता आलं नाही. पेज भरवली तर ठसका लागला. तिचा तो निळा पडलेला चेहरा मी बघितला आणि ठरवलं.

आज सकाळी तिला देव्हाऱ्यापुढे बसवलं. दिवा लावला. म्हटलं, हिला अर्थ कळत नाही, हिच्यापुढे बोललो काय आणि गॅलरीत बोललो काय. आणि घातलं.

"बा देवा रवळनाथा, हिचे हाल बगवत नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"हिका आता सोडव रे म्हाराजा! माझ्या आदी हिका घेवन जा. मी रवतलंय मागे, माझा मी बगीन रे म्हाराजा!"

मी डोळे मिटून थांबलो. तिचं व्हय यायचं होतं. ते आलं की झालं, तिचीही संमती, असं मी मनात धरलं होतं. इतका मी कडेला गेलो होतो.

आलं नाही.

डोळे उघडले. ती माझ्याकडे बघत होती. ओठ हलत होते, जबडा वाकडा होत होता, गळ्याची शीर फुगली होती. जड गोणी उचलताना माणूस करतो तसं तोंड. आणि आलं.

"नाय."

मी म्हटलं, "काय?"

"नाय!" आणि डाव्या हातानं माझ्या पाठीत धपाटा घातला. जोरात. "नाय. नाय."

जान्हवी पिठाच्या हातांनी धावत आली. "बाबा, आई बोलल्या? काय म्हणालात तुम्ही त्यांना?"

"काय नाय," मी म्हटलं.

काय सांगू तिला? तिची सासू जगायचं म्हणते आहे आणि सासरा तिला पोचवायला निघाला होता, असं सांगू?

ऋताला फोन केला. तिनं दोनदा विचारलं, नक्की नाही म्हणाल्या? ठरलेलं उत्तर सोडून? मग म्हणाली, "आजोबा, हे बोलणं आहे."

म्हणजे आमटीच्या वेळीही तिला कळलं होतं. तेव्हा फक्त दुसरा शब्द फुटत नव्हता. ती तिथं बसून ऐकत होती, आणि व्हय म्हणावं लागत होतं. आणि मी रोज तिच्यापुढे काय काय बोललो, रवळनाथा.

ते मागणं मागे घेतलं आहे. घातलंच नव्हतं असं समज. तिनं तुझ्यासमोर मोडलं आहे, गावात मानकरी असतो तर मला गावाबाहेर काढलं असतं.

मालनताईंनी विचारलं, उत्तर आलं का? मी म्हटलं, आलं. काय आलं? म्हटलं, नाही म्हणाला. त्या हळहळल्या. मी समजावत बसलो नाही. तू तिच्या तोंडून बोललास की ती तुझ्यावर मात करून बोलली, याचा हिशेब मला लागत नाही, आणि लागावा अशी इच्छाही नाही. एवढे दिवस मी तुला बोल म्हणत होतो आणि जिच्याशी बोलायचं तिला सोडून बाहेर बसलो होतो.

सकाळपासून ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे. जान्हवीच्या हातची पेज खाल्ली. मी चमचा पुढे केला तर तोंड फिरवलं. हा आजार नाही. हा रुसवा आहे, पक्का, माझ्या ओळखीचा. तिचा राग कसा काढायचा हे मला कधीच आलं नाही. ती आपणहून बोलायला लागायची आणि मी सुटायचो. या वेळी मलाच आधी बोलावं लागणार. काय बोलू ते ठरलेलं नाही. तिथं पाठ केलेलं चालायचं नाही.

पेन ठेवतो. आत जातो.

तुझ्यावर अजून रागावलेला, आणि तिच्या रागाला घाबरलेला,
चंद्रप्रकाश