पाच रुपयांचा फोन

३ नोव्हेंबर, सोमवार

आज एकाला असा झापला! मेथी निवडायची तशीच राहिली, पण जीव गार झाला.

सकाळी फोन आला. "मॅडम, तुमचं पार्सल आलंय, पण पत्ता अपुरा आहे. फक्त पाच रुपये भरायचेत. लिंक पाठवलीय. त्यात कार्डाचा नंबर टाका आणि येईल तो ओटीपी मला सांगा." माझं पार्सल खरंच यायचं होतं — मिक्सरचं भांडं. क्षणभर वाटलं, असेलही. पण क्षणभरच! पाच रुपयांसाठी कार्ड कशाला? दारात ये, सुट्टे देते!

हल्ली भवानी पेठेत प्रत्येक घराचं काही ना काही वाटेवर असतंच. कोणाचं काय येणार, हे त्यांना ठाऊक असावं लागत नाही. खडा टाकायचा, कुठेतरी लागतोच.

मी म्हटलं, "नाव सांग. कितवी शिकलास? असल्या कामाची लाज वाटत नाही? सरळ उत्तर दे!" तो दोनदा खाकरला. म्हणाला, "तसं नाही, बाई..." मग पुन्हा मॅडम-मॅडम सुरू. मी चार मिनिटं धुतला, फोन कापला, नंबर ब्लॉक केला. हे आतून म्हणाले, "झाला का तास?" चौतीस वर्षं गणित शिकवलंय म्हटलं, सोळा आकडे कोणी फुकट घेऊन जाईल होय?

४ नोव्हेंबर, मंगळवार

महिला मंडळात कालचा किस्सा सांगितला. टाळ्या! समोरच्या घरातली इंद्रायणी वही घेऊन बसली होती. बिचारीचे गेल्या वर्षी कुर्त्याच्या खोट्या साइटवर साडेतीन हजार गेले. तेव्हापासून ऑनलाइन काही घेतच नाही.

तिला म्हटलं, घाबरायचं नाही, शिस्त पाळायची. पगाराच्या खात्याचं कार्ड खरेदीला कधीच वापरायचं नाही. वेगळं कार्ड ठेवायचं आणि त्यात लागेल तेवढेच पैसे. बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइनचं बटण असतं. खरेदीपुरतं चालू करायचं, झाली की बंद. गॅस बंद करतो ना, तसं. 'कार्ड सेव्ह करू का' विचारलं की नाही म्हणायचं. आलेल्या लिंकवर बोट ठेवायचं नाही, दुकानाचं नाव आपल्या हाताने टाइप करायचं. साइट नवी असेल तर माल हातात आल्यावर पैसे. आणि ओटीपी? नवऱ्यालासुद्धा नाही!

"आणि फोन आलाच तर?" इंद्रायणीने विचारलं.

"बोलायचंच नाही. कापा आणि ब्लॉक करा. ती माणसं नव्हेतच." असं म्हणाले खरी. स्वतः मात्र चार मिनिटं बोलले होते. असो, मला शोभतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तो मला 'बाई' का म्हणाला?

सगळा वेळ मॅडम. आणि दरडावल्याबरोबर — बाई! मी शिक्षिका होते हे त्याला कुठून कळणार? आपल्याकडे दरडावल्यावर तोंडातून 'बाई' कोणाच्या निघतं? जो पोरगा माझ्यासमोर फळ्याशी उभा राहिलाय, त्याच्या!

यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुझ्या ओरडण्याने कोणीही बाई म्हणेल. मीसुद्धा." विनोद सुचतात यांना.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडला. मला वाटतं, सापडला.

ते दोनदा खाकरणं! उत्तर येत नसलं की तसं करणारा एकच. सयाजी, केमच्या शाळेतला. शेवटची अकरा वर्षं मी रोज गाडीने केमला जायचे, तेव्हाचा. गणितात कच्चा, पण स्वभावाने गोड. माझी पिशवी स्टेशनपर्यंत कोणी सांगायच्या आत उचलायचा. आता बावीस-तेविसाचा असेल.

त्याच्याच वर्गातली अंकिता इथे एका दवाखान्यात नर्स आहे. तिला फोन लावला. "बाई, सयाजी परदेशात हाय की! थायलंडला, कॉम्प्युटरचं काम. जूनमध्ये गेला. गावानं सत्कार केला, फेटा बांधला. फोटू टाकलेला त्येनं विमानतळावरचा." मग जरा थांबली. "पण लई दिवस झालं, काय टाकलं न्हाई बघा."

कॉम्प्युटरचं काम! माझा विद्यार्थी, आणि म्हाताऱ्या-कोताऱ्यांची कार्डं मागत बसतो? रागाने जेवण गेलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

ठरलं. उद्या केमला जाणार. आई-बापाला सांगणार की पोरगं काय दिवे लावतंय. हे म्हणाले, "कशाला त्यांच्या पोटात खड्डा पाडतेस? पोलिसांना कळव, झालं." पोलिसांनाही कळवीन. पण आधी आईने कान धरला पाहिजे. मला खात्री आहे, हा पोरगा कान धरल्यावर सुधारणारा आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

लिहायला बसले आणि अर्धा तास पेन नुसतं हातात धरलंय.

स्टेशनवरून चालतच गेले. दारात दगडाबाई, सयाजीची आई, तूर पाखडत होती. "अगं बया! बाई, तुमी हितं? या की, बसा." मी तोंड उघडायच्या आत तिने विचारलं, "बाई, तुमाला काय कळलंय का त्येचं?" तोंडपाठ केलेलं सगळं भाषण बाजूला ठेवून मी तिच्या शेजारी बसले.

तिने सांगितलं, थायलंड म्हणून नेला. तिथून गाडीत घालून नदीपलीकडे कुठेतरी. पासपोर्ट काढून घेतला. मोठी इमारत, दारावर बंदूकवाले, आणि दिवसभर फोन करायचे. ऑगस्टात कोणाच्या तरी फोनवरून एकदाच बोलला, दोन-तीन मिनिटं. दगडाबाई म्हणाली, "रडत हुता ओ. म्हनला, आई, मान्सं आपलं आकडं सांगत न्हाईत. आकडं भरलं न्हाईत की उपाशी ठिवत्यात, मारत्यात. आता म्या लोकास्नी आकडं सांगा म्हनावं, का सांगू नगा म्हनावं?"

वडील कुंडलिकराव भिंतीकडे बघत होते. मी विचारलं, पोलिसांत का गेला नाहीत? "कसं जावं, बाई? सगळ्या गावानं हार घातला. सरपंच बोललं, पेढं वाटलं. आता कुन्या तोंडानं सांगू की पोरगं चोरांत सापडलंय? उलट त्यालाच चोर म्हनतील." तीन महिने गिळून बसलीत दोघं! शेजारी विचारतात, सयाजी काय म्हणतो, आणि ही सांगते, झॅक हाय.

मी सांगितलं नाही. त्याचा फोन आला होता आणि मी तो कापला, हे मला सांगता आलं नाही. 'लाज वाटत नाही?' म्हणाले होते मी त्याला. मलाच वाटतेय आता.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काल रात्री अंकिताला सगळं सांगितलं, माझ्या कापलेल्या फोनसकट; ती सकाळी जाऊन कुंडलिकरावांना घेऊन आली. त्यांना सायबर पोलिसांकडे नेलं. नको-नको म्हणत होते. मी म्हटलं, "कुंडलिकराव, मी सोबत आहे ना? चला." आले. तिथले साहेब भले होते. सगळं लिहून घेतलं; त्याचा फोन आला होता एवढं मी सांगितलं, कापला ते नाही. फसलं तर लगेच १९३० या मदत क्रमांकाला फोन लावायचा, ते मला ठाऊकच होतं. पण माणूसच अडकला असेल तर? "दूतावासाला कळवतो," म्हणाले. "पण बाई, तिकडे अशी कित्येक ठिकाणं आहेत. जागेचं नाव हवं. पुन्हा फोन आला तर बोलत ठेवा."

पुन्हा फोन यायला नंबर उघडा नको का? बाहेर पडल्या पडल्या ब्लॉक काढला. उलट फोन लावून पाहिला. हा क्रमांक अस्तित्वात नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काही नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सुचलं! गणित साधं आहे. तो मला फोन करू शकत नाही. त्याला जी यादी देतात, तीच लावायची. मग माझा नंबर त्या यादीत पाहिजे, एकदा नाही, शंभरदा!

आज दुपारभर बसून नव्याण्णव रुपयांत मोबाइल देणाऱ्या, बंपर बक्षीसवाल्या, साड्यांच्या ऐंशी टक्के सवलतवाल्या एकूण एक लबाड साइटींवर माझा नंबर भरला. नाव, गाव, सगळं खरं. कार्डाच्या रकान्यापाशी मात्र थांबले, ते अंगवळणी पडलंय. हे मागे उभे राहून बघत होते. "अगं, मंडळात भाषणं ठोकतेस आणि हे काय चाललंय?"

"चोरांना आवतण," म्हटलं. यांनी चहा करून आणून दिला. बायको वेडी झाली म्हटल्यावर माणूस चहा करतो, हे आज कळलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

फळलं! तीन दिवसांत एकवीस फोन. वीज तोडणारे, लॉटरी लागलेले, बँकेतून बोलणारे. मी सगळे उचलते आणि कान देऊन ऐकते. तो नसला तरी एकदम ठेवत नाही. विचारते, "बाळ, कुठून बोलतोस? तुला कोणी डांबून ठेवलंय का रे?" बहुतेक जण शिव्या देतात. एकाने विचारलं, "आँटी, पागल हो क्या?" मात्र आज दुपारी एका मुलीने हे ऐकून फोन ठेवला नाही. श्वास ऐकू येत होता. मग बंद झाला.

ती माणसं नव्हेत, असं मी मंडळात म्हणाले होते. परवा मंगळवारी उभं राहून ते मागे घ्यायचं आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

घेतलं. म्हटलं, कार्ड जपा, ओटीपी जपा, त्यात एक अक्षर बदल नाही. पण पलीकडे कधी कधी कोणाचं तरी लेकरू असतं, मार खाणारं. सगळे नाहीत. पुष्कळसे अट्टल चोरच. पण काही. एकीने विचारलं, "मग ओळखायचं कसं?" म्हटलं, मलाही ठाऊक नाही. चौतीस वर्षांत फळ्यासमोर अशी वेळ आली नव्हती.

इंद्रायणी घरापर्यंत सोबत आली. "मावशी, आता तुमचं कार्ड तरी बंद करून ठेवा. एवढे फोन येतात, एखादेवेळी चुकून..." मी म्हटलं, "मी? चुकून?" हसली. गेल्या वर्षीच्या प्रसंगानंतर पहिल्यांदा तिने आज स्वतः मुलीसाठी दप्तर मागवलं. सगळी शिस्त पाळून. बटणसुद्धा बंद केलं, म्हणाली. बरं वाटलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दगडाबाईचा फोन. रोज एकच प्रश्न. "बाई, आला का?" मी रोज म्हणते, येईल. उगाच धीर द्यायचा म्हणून नाही, मला खरंच वाटतं. आज तिने विचारलं, "आनि तुमी मागल्यासारकं ठिवून दिला तर?" अंकिताकडून कळलेलं दिसतंय. मग दगडाबाईच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमाला तरी काय म्हाईत हुतं."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

एकूण एकशे बारा फोन. आवाज बसलाय. डॉक्टर म्हणतात, कमी बोला. हे म्हणतात, "डॉक्टरांना आपलं घर माहीत नाही." आता हेही माझ्यासोबत बसतात, वेळ आणि आवाज वहीत टिपतात. आज एकाला यांनीच विचारलं, "काय रे, जेवलास का?"

येईल. यादी संपत आली की पुन्हा वरून सुरू करतात, असं सायबरचे साहेब म्हणालेत. मी वरच आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. "मॅडम, तुमचं पार्सल आलंय, पत्ता..." आणि दोनदा खाकरला. म्हटलं, "सयाजी, बाई बोलतेय. ऐकतोस ना?" मागे कोणीतरी परक्या भाषेत खेकसत होतं. तो हळूच म्हणाला, "ह्यांना मराटी कळत न्हाई. पडद्यावर आकडं दिसलं पायजेत. न्हाईतर फोन काडून घेतील." मी कपाटातून कार्ड आणलं — पगाराच्या खात्याचं, आता पेन्शन येते ते; दुसऱ्यात पैसेच नसतात — आणि ॲपमधलं बटण चालू केलं. एकेक आकडा सावकाश सांगितला. एकेका आकड्यामागे त्याने एकेक गोष्ट सांगितली. इमारत, गावाचं नाव, किती पोरं. यांनी सगळं टिपलं. मग ओटीपी आला. तो म्हणाला, "बाई, ह्यो नका देऊ."

मी वाचून दाखवला.