तू मधी येऊ नको

अण्णा,

"तू मधी येऊ नको, तुला लागंल." हे तुम्ही म्हणालात तेव्हा मी चौथीत होते, आणि तुमच्या आवाजात राग अजिबात नव्हता. राग सगळा हातात होता. आई स्टोव्हपुढच्या पाटावरून खाली पडलेली, परातीतलं पीठ फरशीवर सांडलेलं, स्टोव्ह तसाच पेटलेला, आणि तुम्ही खाकी पँटचा पट्टा दुहेरी करून उभे. मी तुमच्या दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले, कारण लेकरू मधे आलं की बाप थांबतो असं मला शाळेतल्या एका मैत्रिणीनं सांगितलं होतं. तुम्ही थांबलात. पट्टा डाव्या हातात घेतलात, उजव्या हातानं माझा दंड धरलात, एसटी स्टँडवर रिव्हर्स येणाऱ्या गाडीमागून एखाद्या म्हातारीला बाजूला घ्यावं तसं मला अलगद दाराशी नेऊन ठेवलंत, ते वाक्य बोललात, आणि परत जाऊन राहिलेलं मारलंत. मला ओरखडाही आला नाही. आईच्या डाव्या कानाचा पडदा गेला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, मोरीत पाय घसरला. त्या दिवशीचं कारण मला आठवत नाही. कारणं कुठलीच आठवत नाहीत, आवाज आठवतात. पट्ट्याचा वेगळा, चपलेचा वेगळा, उघड्या हाताचा वेगळा.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. या उन्हाळ्यात मी आईला परदेशी घेऊन गेले, ते सांगायला बसले आहे. लंडन-पॅरिसकडे नाही, युरोपाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे एका देशात नाश्ता करून निघालं की दुपारचा चहा दुसऱ्या देशात होतो. क्रोएशिया, बॉस्निया, माँटेनेग्रो, अल्बानिया. शेजारणीच्या फोनवर आईनं एका जुन्या दगडी पुलाचा व्हिडिओ पाहिला होता. माणसं त्या पुलावरून खाली नदीत उड्या मारतात आणि हसत वर येतात. "हितं जाऊ की," म्हणाली, जसं काही सोलापुरातल्या बाळीवेसला जायचंय. एसटी ड्रायव्हरची बायको असून ती तुमच्या गाडीत आयुष्यात एकदाच बसली, अक्कलकोटपर्यंत, तेही तिचे वडील आजारी होते म्हणून. मी शिकवते त्या शाळेतून सुट्टी घेतली, शेंगाचटणीचे डबे भरले आणि निघालो.

टूरची गाडी तुम्हाला आवडली असती. उंच, काचेच्या भिंती असल्यासारखी, आणि चालवणारा पिकल्या केसांचा एक क्रोएशियन माणूस, जो कुणाशी बोलत नव्हता. आई पहिल्याच दिवशी त्याच्या पायाकडे बघत होती. "ब्रेक कळू देत न्हाय गडी," म्हणाली. तुमच्याबद्दल डेपोतले लोक हेच म्हणायचे. गाडीत गरोदर बाई असली तर तुम्ही खड्डा आला की बैलगाडीसारखं चालवायचात. इतक्या वर्षांत एक अपघात नाही, म्हणून तुमच्या खिशावर बिल्ला होता. माँटेनेग्रोत कोतोरच्या वर डोंगरात रस्ता पिळलेल्या चिंधीसारखा वळतो, समोरून दुसरी बस आली की एकीला मागं जावं लागतं, सगळी गाडी जीव मुठीत धरून बसली होती. मी मात्र मनात म्हणत होते, अण्णांनी हे वळण कसलं घेतलं असतं.

आपल्याकडच्या टूरमध्ये एक पद्धत असते, ती सांगायला हवी. सगळ्यांना पुढची सीट मिळावी म्हणून रोज सकाळी प्रत्येकानं दोन रांगा पुढे सरकायचं, पुढचे त्याच बाजूला सगळ्यात मागे जातात. रोटेशन म्हणतात. यावरून माणसं भावकीसारखी भांडतात, गाडी उघडायच्या आधी रुमाल घेऊन दाराशी उभी राहतात. सीट रोज बदलते. पण आख्खी रांगच सरकत असल्यामुळे तुमच्या मागे कोण बसतं ते कधी बदलत नाही. आमच्या मागे एक जोडपं होतं. तो चाळिशीचा, टाइल्सचं दुकान असलेला, गाडीतला सगळ्यात लाडका माणूस. अंताक्षरी त्याची, विनोद त्याचे, उतरताना आईला हात त्याचा. "मावशी, सावकाश. आमची ठेव हाय तुमी." बायको त्याच्याहून लहान, शांत, सारखी पर्स उघडून बंद करणारी. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मागून एक आवाज आला. अगदी लहान, आणि त्यानंतर तिचा श्वास आत ओढल्याचा. मला तो खिडकीचा पडदा ओढल्यासारखा वाटला. आईनं खाणं थांबवलं. तिला एकाच कानानं ऐकू येतं, तरी तिनं तो आवाज ओळखला. "कोपर मारलं बरगडीत," म्हणाली, आणि हातातलं बिस्कीट डब्यात परत ठेवलं.

त्या क्षणापासून माझी आई मावळली, अण्णा. तुम्ही गेल्यावर जी बाई हळूहळू मोठ्यानं हसायला शिकली होती, दुपारी पाय पसरून झोपायला शिकली होती, ती पाठ ताठ करून बसू लागली. समुद्र आला तरी बघेना. मागून तो गाणं म्हणायला लागला की हिच्या मांडीवरची बोटं आवळायची. मी टूर मॅनेजरशी बोलून पाहिलं, पुण्याचा चांगला मुलगा, म्हणाला मॅडम, नवराबायकोचं आहे, मी काय बोलणार, आणि रोटेशन बदललं तर सगळी गाडी माझ्यावर तुटून पडेल. मला त्या मागच्या बाईची काळजी होती असं मी म्हणू शकत नाही. मला माझी आई परत हवी होती.

आईनं पाहिलेला पूल बॉस्नियातल्या मोस्तारला होता. तिथल्या घरांच्या भिंतींवर अजून गोळ्यांच्या खुणा आहेत, देवी आलेल्या तोंडासारख्या. तिथली गाइड माझ्याच वयाची बाई होती. तिनं एक घर दाखवलं, म्हणाली, हे आमचं, आणि नव्वदच्या दशकातल्या युद्धात यावर गोळे टाकणाऱ्यांत आमचा टीव्ही दुरुस्त करणारा माणूस होता. लोकांनी फोटो काढले. आईनं मला विचारायला लावलं की तो आता कुठं असतो. इथेच, गाइड म्हणाली, बाजारात भेटतो, तो नमस्कार म्हणतो, मी पण म्हणते. मी भाषांतर केलं. आईनं भिंतीवरच्या एका खुणेवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "तसंच असतंय." उड्या मारणारे त्या दिवशी नव्हते, वारा होता. तिनं त्यांच्याबद्दल विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घडलं. या गाड्यांना मधेही एक दार असतं आणि त्या दाराशी एका बाजूची एक रांग कमी असते. नवरा खाली बॅगा चढवत होता, त्याच्या बायकोनं रांगा मोजताना ही कमी रांग लक्षात घेतली नाही आणि एका निवृत्त जोडप्याच्या सीटवर रुमाल टाकला. त्या काकूंनी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हटलं की काही लोकांना शिस्त म्हणून नाही, कळत नसेल तर नवऱ्याला विचारावं. कुणीतरी हसलं. वर आलेला नवराही हसला, हात जोडून सॉरी म्हणाला, बायकोला घेऊन आमच्या मागे येऊन बसला. गाडी निघाली, शहर मागे पडलं. मग त्यानं तिला कानाखाली मारली. लपवून नाही. उघड्या हातानं, जोरात, मग परत, मग तिचे केस धरून तिचं डोकं पुढच्या, म्हणजे आमच्याच सीटच्या पाठीवर आपटलं. माझ्या पाठीला ते कळलं. बत्तीस-चौतीस माणसांची गाडी, आणि सगळ्यांना एकदम खिडकीबाहेरचे डोंगर दिसायला लागले. फक्त ड्रायव्हरच्या आरशात दोन डोळे होते.

आई उठली. बाहत्तर वर्षांची, गुडघे दुखणारी, चालत्या गाडीत. आणि मी तिचा पदर धरला आणि म्हणाले, "आई, तू मधे जाऊ नको, तुला लागेल."

माझ्या तोंडून तुम्ही बोललात. तितक्याच मायेनं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी कोण आहे हे तपासल्यासारखं, आणि माझ्या हातातून पदर सोडवून घेतला. ती त्या दोघांच्या मधे वाकून उभी राहिली आणि तिनं त्या मुलीच्या डोक्यावर आपला हात ठेवला. त्याचा पुढचा फटका त्या हातावर आला. तोल जाऊन ती पॅसेजमध्ये पडली, मनगट सीटच्या लोखंडी पायावर, आणि मनगट मोडल्याचा आवाज, अण्णा, तो मी तुमच्याकडूनही ऐकला नव्हता. मग माझ्या हातात पाण्याची स्टीलची बाटली होती, भरलेली. मी मारलं. तो हात वर करून "अहो ताई, अहो ताई" म्हणत होता आणि मी मारत होते. कान फाटला, रक्त खिडकीवर उडालं, त्याची बायको किंचाळून मला ओढत होती, आणि गाडी कडेला थांबल्याचं मला कळलं नाही, कारण त्या ड्रायव्हरचा ब्रेक कळतच नसे. त्यानंच येऊन माझं मनगट धरलं आणि बाटली काढून घेतली. मग टाइल्सवाल्याची कॉलर धरून त्याला पायऱ्यांवरून खाली रस्त्यावर फेकलं.

एका लहान गावातला दवाखाना. बाहेर गाडी उभी, फोनवर ग्रुपमध्ये निरोप येतायत, अजून किती वेळ, पुढचं बोटीचं बुकिंग आहे. टूर मॅनेजर रडकुंडीला आला होता. म्हणाला, मॅडम, गाडीनं ब्रेक मारला आणि आजी पडल्या एवढंच सांगा, नाहीतर पोलीस येतील, सगळ्यांचीच ट्रिप बुडेल, तुम्ही पण मारलंय हे विसरू नका. बाकावर ती बायको बसली होती, कानाशी कापूस धरून. ती आईकडे बघून मान हलवत होती, नको, नको. डॉक्टरीणबाईंनी मला इंग्रजीत विचारलं, हे कसं झालं. मी आईला विचारलं, काय सांगू. इतक्या वर्षांत असा प्रश्न तिला कितीदा विचारला गेला असेल, आणि दर वेळी मोरी होती, जिना होता, ओली फरशी होती. मला खात्री होती की ती ब्रेक म्हणेल. तो ब्रेक ती म्हणाली असती तर मला वाटतं मोठ्यानं हसायला शिकलेली माझी आई मला परत मिळालीच नसती.

तिनं त्या मुलीकडे पाहिलं आणि मग आपल्या सुजलेल्या हाताकडे. "तिचं ती सांगंल," म्हणाली. "माझा हात माझा हाय. त्येनं मारलं म्हनून लिव म्हनावं."

मी सांगितलं. मग माझंही सांगितलं, मी बाटलीनं मारलं ते. पोलीस आले. टाइल्सवाल्यानं टाके घातलेलं डोकं टेकवून आईचे पाय धरले, मावशी चुकलं, आईनं पाय साडीत ओढून घेतले. त्याला चौकशीसाठी तिथेच थांबवलं, माझी लेखी जबानी घेऊन मला सोडलं. त्याची बायको त्याच्याजवळ थांबली. निघताना तिनं आमच्याकडे पाहिलं ते अशा रागानं की मी खाली बघितलं. गाडीत आई म्हणाली, "मला बी यायचा. शेजारची मधी आली की तिचाच राग यायचा." पुढचे दोन दिवस आमच्याशी कुणी बोललं नाही. आमच्या मागे दोन रिकाम्या सीट रोज आमच्यासोबत सरकत राहिल्या. सकाळी हॉटेलात पंचशील म्हणून झाल्यावर आई मला म्हणाली, "पयलं शील मोडलंस बाई तू." पहिलं, म्हणजे कुणा जिवाला न दुखवण्याचं. मग चहात बिस्कीट बुडवत म्हणाली, "मोडलं तर मोडलं. चटनी काढ."

आता आपण सोलापुरात आहोत. आपण म्हणजे आम्ही दोघी, आणि भिंतीवर तुम्ही. आईच्या हाताला प्लास्टर आहे, भाकरी मी थापते, ती ओट्याशी स्टुलावर बसून मला सांगते. आधी कधी सांगितलं नव्हतं ते. हा दात कधीचा, हे बोट वाकडं का, माझ्या आधीच्या गरोदरपणात पाचव्या महिन्यात काय झालं होतं आणि मला भाऊ का नाही. रडत नाही. मधेच म्हणते, पीठ सैल झालंय. हे पत्र मी कुठे टाकणार, ते ओट्याखालच्या पिशवीत राहील. पण तुम्हाला एक सांगून टाकते, पोलिसांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले होते, किती वेळा मारलं ते आठवत नाही. आठवतं. पहिला फटका त्या माणसाला होता. नंतरचे त्याला नव्हते. आणि हात दुखेपर्यंत मला बरं वाटत होतं.

आई काही बोलायला लागली की तुम्ही उठायचात. चपला घालायचात, डेपोत जाऊन येतो म्हणायचात, आणि तिचं वाक्य तिथंच राहायचं. आता ती रोज सकाळी बोलते, तुमच्या फोटोसमोरच बोलते. अजून बरंच राहिलंय असं म्हणते. अण्णा, तिचं सांगून होईपर्यंत बसाल का? तुम्ही बसणार नाही हे मला माहीत आहे. तरी, या एका खेपेला, चपला घालू नका.